कशाची ही वांटणी?

पैसा घरांत येतो तेव्हां तो नुसता येत नाहीं; आपल्याबरोबर एक नांव घेऊन येतो. पगाराचा पैसा, शेताचा पैसा, दक्षिणेचा पैसा, माहेरचा पैसा, अशीं त्याचीं नांवें घरांतील मुलांनाहि ठाऊक असतात. आणि त्या त्या नांवाप्रमाणें तो कोठें ठेवावा, कोणीं व कशावर खर्चावा, हें न बोलतां ठरतें. परंतु एखाद्या पैशाला भलतेंच नांव पडलें तर घरांतील माणसाच्या मनाला केवढी जखम होते, हें मला वयाच्या साठीनंतर आणि तेंहि माझ्याच जिभेच्या दोषानें कळलें. ती हकीकत वाचकांना सांगावी असें पुष्कळ दिवस मनांत होतें. जिची ही हकीकत आहे तिची परवानगी घेऊनच ती लिहीत आहें.

मी गोंदियाचा राहणारा. माझी सारी नोकरी आमगांवच्या बाजूच्या एका शाळेंत झाली. भवभूतीचें जन्मस्थान म्हणून विद्वान् ज्याचा निर्देश करतात तें पदमपूर तेथून जवळच आहे. आमचा जिल्हा १९९९ सालच्या १ मे रोजीं भंडाऱ्यापासून वेगळा झाला; शाळा व मास्तर मात्र होते तेच राहिले. माझें इंग्रजी मॅट्रिकपुरतें; पुढें जें कांहीं शिकलों तें संस्कृत, आणि शिकविलें तेंहि तेंच. घरांत नव्वदी गांठलेल्या मातुःश्री, आम्ही उभयतां, धाकटे बंधु, त्यांचें कुटुंब व मुलेंबाळें असा परिवार आहे. थोरला चिरंजीव २०१३ पासून सात वर्षें अमेरिकेंतील नॉर्थ कॅरोलिना संस्थानांत एका लहानशा कंपनींत नोकरीस होता. तिकडे आजारपणाचा खर्च विम्यावांचून कोणासहि झेपत नाहीं. त्याच्या कंपनीनें नोकरांच्या कुटुंबांसाठीं ‘ब्लू क्रॉस ब्लू शील्ड’ या नांवाचा विमा घेतला होता. हप्त्याचा कांहीं भाग कंपनी भरी, कांहीं त्याच्या पगारांतून जाई.

२०१७ च्या हिवाळ्यांत सूनबाई तेथील दवाखान्यांत एकवीस दिवस होती. आमचें पहिलें नातवंड नऊ दिवसांचें होऊन गेलें. डॉक्टरांनीं करावयाचें तें सर्व केलें. कोणाला बोल लावण्यासारखें कांहीं नव्हतें. आम्ही येथें टेलिफोनपाशीं बसून होतों. या गोष्टीचा उच्चार आमच्या घरांत पुढें फारसा कोणीं केला नाहीं. सूनबाईनें मात्र त्या दिवसांचा एकूणएक कागद, बिलें, पत्रें, विम्याचीं कार्डें, एका निळ्या फायलींत लावून ठेविला. नोकरी संपवून दोघें परत आलीं आणि नागपुरास राहूं लागलीं, तेव्हां सामानाबरोबर ती फाईलहि आली.

२०२१ सालीं दिवाळीस तीं दोघें गोंदियास होतीं. ५ नोव्हेंबरला पाडवा होता. रात्रीं ओवाळणें, जेवणें आटोपल्यावर सूनबाई ती फाईल व संगणक घेऊन माजघरांत बसली. अमेरिकेंतील विमेदारांनीं केलेल्या एका मोठ्या दाव्याची तडजोड झाली असून अर्ज करण्याची ती शेवटची तारीख होती. चिरंजीव म्हणाला, “किती मिळणार आहे? सणाच्या दिवशीं कशाला ती कटकट?” ती म्हणाली, “किती मिळेल तें मिळेल. आपण पैसे भरले होते हें आपल्या हातानें लिहून तर देऊं.” तिनें फायलींतून विम्याचा नंबर, कंपनीचें नांव, नोकरीच्या तारखा काढल्या आणि नवऱ्याच्या नांवानें अर्ज भरून पाठविला. मीं तिला विचारलेंहि नाहीं कीं हें काय आहे. माझा प्रमाद तेथूनच सुरू झाला.

पुढें जवळजवळ तीन वर्षें गेलीं. २०२४ च्या श्रावणांत एका सोमवारीं दोघें पुन्हा घरीं आलीं होतीं. उपास सोडावयास पंगत बसली असतां चिरंजीव सहज बोलला कीं, त्या विम्याच्या दाव्यांतील शेवटचा आक्षेपहि तिकडच्या सर्वोच्च न्यायालयानें जूनमध्यें फेटाळला. मातुःश्रींना ऐकूं कमी येतें. त्यांनीं माझ्याकडे पाहिलें. सर्व गोष्टींचा अर्थ घरांत सांगावयाचा मक्ता मास्तराकडेच! मीं मोठ्यानें सांगितलें, “आई, सूनबाईच्या दवाखान्याची भरपाई तिकडच्या कोर्टानें मंजूर केली.” आईनें हात जोडले आणि विचारलें, “म्हणजे बाळाचे पैसे आले का?”

पंगत गप्प झाली. सूनबाई वाढीत होती. तिनें वरणाचें भांडें खालीं ठेविलें आणि ती मागच्या पडवींत गेली. थोड्या वेळानें परत येऊन तिनें सर्वांना ताकभात वाढला. रात्रीं मी अंगणांत बसलों असतां ती निळी फाईल घेऊन आली. म्हणाली, “मामंजी, हे पैसे कशाचे आहेत हें मला ठाऊक आहे, अर्ज मींच भरला होता. पण मीं सांगितलें तर रागानें बोलतें असें सर्वांना वाटेल. तुम्ही वाचा, आणि तुम्हींच घरांत सांगा. माझ्या बाळाची किंमत कोणीं केलेली नाहीं.”

त्यानंतर आठ दिवस शब्दकोश जवळ घेऊन मीं ते कागद वाचले. जें समजलें तें थोडक्यांत सांगतों, कारण परदेशीं मुलें असलेल्या अनेक घरांत असले कागद येत असतील आणि माझ्याप्रमाणेंच न वाचतां त्यांचा अर्थ लावला जात असेल.

पहिली गोष्ट ही कीं, या दाव्याचा आजारपणाशीं कांहींएक संबंध नव्हता. ‘ब्लू क्रॉस ब्लू शील्ड’ ही एक कंपनी नव्हे. तिसांहून अधिक स्वतंत्र कंपन्या तें नांव व तें चिन्ह वापरतात आणि प्रत्येकीनें आपापला मुलूख वांटून घेतलेला आहे. विमेदारांचें म्हणणें असें कीं, एकमेकींच्या मुलखांत न शिरण्याच्या या करारामुळें चढाओढ मेली आणि हप्ते हवे त्याहून अधिक चढले. मक्तेदारीविरुद्धच्या कायद्याचा हा भंग आहे. आमच्याकडे धानाच्या गिरण्या पुष्कळ. उद्यां गिरणीवाल्यांनीं आपसांत ठरविलें कीं तिरोड्याचें धान तिरोड्याच्याच गिरणीनें घ्यावें आणि आमगांवचें आमगांवच्याच, तर शेतकऱ्याला भाव कोण देणार? तेथें विकणारा नागवला जाईल, येथें विकत घेणारा नागवला गेला, अशी तक्रार. २०१२ पासून असे दावे सुरू झाले व अलाबामा संस्थानांतील बर्मिंगहॅम येथील न्यायालयांत ते एकत्र चालले. २०२० च्या ऑक्टोबरांत तडजोड झाली. कंपन्यांनीं अपराध कबूल केला नाहीं. परंतु २६७ कोटि डॉलर देण्याचें आणि आपसांतील कांहीं निर्बंध काढून टाकण्याचें मान्य केलें. ऑगस्ट २०२२ मध्यें न्यायाधीशांनीं तडजोडीस अखेरची मंजुरी दिली. ऑक्टोबर २०२३ मध्यें वरिष्ठ न्यायालयानें ती कायम केली. आणि जून २०२४ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें पुढील अर्ज ऐकण्याचें नाकारलें.

दुसरी गोष्ट, २६७ कोटि हा आंकडा ऐकून डोळे दिपतात. पण तो सगळा वांटावयाचा नसतो. वकिलांची फी व त्यांचा खर्च मिळून सुमारें चौथा हिस्सा, म्हणजे जवळजवळ ६७ कोटि, आधीं निघतो. कोट्यवधि लोकांना सूचना देणें, अर्ज तपासणें या कामासाठीं १० कोटि वेगळे. उरतात सुमारें १९० कोटि. त्यांतील शेंकडा ९३॥ भाग, ज्यांनीं विमा सरळ विकत घेतला त्यांचा. आणि शेंकडा ६॥ भाग, ज्या कंपन्या नोकरांच्या औषधपाण्याचा खर्च स्वतःच सोसून विमाकंपनीकडून केवळ व्यवस्था करवून घेतात, त्यांचा व त्यांच्या नोकरांचा.

आतां प्रत्येकाचा वांटा कसा काढावयाचा? येथें मात्र मला माझ्या घरचा मनुष्य भेटल्यासारखें झालें. भास्कराचार्यांच्या लीलावतींत मिश्रव्यवहाराच्या प्रकरणीं तीन व्यापाऱ्यांचें उदाहरण आहे. त्यांचीं मूळधनें ५१, ६८ व ८५. सर्वांनीं मिळून व्यापार केला आणि एकत्र धन ३०० झालें. तर कोणाचें किती? मूळधनांची बेरीज २०४. प्रत्येकाच्या मूळधनास ३०० नें गुणावें व २०४ नें भागावें. उत्तरें ७५, १०० आणि १२५. साडेआठशें वर्षांपूर्वींची ही रीति, आणि अमेरिकेंतील न्यायालयानें मान्य केलेली वांटणी मुळांत हीच. ज्यानें जितका हप्ता भरला असें धरलें, तें त्याचें मूळधन. अर्ज करणाऱ्या सर्वांच्या मूळधनांची बेरीज हा भाजक. शिल्लक रक्कम ही वांटावयाची राशि. म्हणून अर्ज येऊन तपासले जाईपर्यंत एकाचाहि वांटा नक्की सांगतां येत नाहीं. वांटा पांच डॉलर किंवा त्याहून कमी निघाला तर तो दिलाच जात नाहीं.

हप्ता मालकानें किती भरला आणि नोकरानें किती, याचे कागद सर्वांकडे नसतात. म्हणून सरसकट एक प्रमाण ठरविलें आहे. विकत घेतलेल्या विम्यांत एकट्या नोकराचा विमा असेल तर हप्त्याचा शेंकडा १५ भाग नोकराचा, बाकी मालकाचा. कुटुंबाचा विमा असेल तर शेंकडा ३४ भाग नोकराचा. ज्याचा भाग याहून मोठा असेल त्यानें पुरावा दाखवावा. समजा, एका कुटुंबामागें सात वर्षांत १ लाख डॉलर हप्ता गेला, तर नोकराचें मूळधन ३४ हजार धरलें जाईल. हे ३४ हजार हातांत पडावयाचे नव्हेत. ते केवळ लीलावतींतील ५१ च्या जागीं बसावयाचे आहेत. हा भेद न कळल्यामुळें पुष्कळांची निराशा होते.

आणि ज्यांनीं अर्जच केला नाहीं त्यांचें काय? ठरलेल्या मुदतींत ज्यानें “मला या दाव्यांत धरूं नका” असें लेखी कळविलें नाहीं, तो तडजोडीनें बांधला गेला. त्याला पुन्हा त्याच कारणासाठीं भांडतां यावयाचें नाहीं. त्यानें अर्जहि केला नाहीं तर त्याचें मूळधन भाजकांत येत नाहीं आणि त्याचा वांटा इतरांच्या वांट्यांत मिळून जातो. त्याचें मौन हीच त्याची संमति ठरते, आणि तिची किंमतहि त्यालाच द्यावी लागते. पाडव्याच्या रात्रीं सूनबाईनें ‘कटकट’ केली नसती तर आमचा चिरंजीव याच वर्गांत जमा झाला असता.

तिसरी गोष्ट वाचतांना मी थांबलों. नोकराच्या विम्यांत समाविष्ट असलेलीं बायकामुलें, म्हणजे अवलंबून असणारीं माणसें, यांना या वांटणींत स्वतंत्र अर्ज करतां येत नाहीं. कुटुंबाचा म्हणून हप्ता अधिक, कुटुंबाचें म्हणून प्रमाण शेंकडा १५ चें ३४ झालें. परंतु कुटुंब म्हणजे जी, तिचें नांव कोठेंच नाहीं. आमच्या मिताक्षरेंत पत्नीला आपण होऊन वांटणी मागतां येत नाहीं. पण पितापुत्रांची वांटणी झाली तर तिचा भाग काढून ठेवावा लागतो. या परदेशी हिशेबांत तेवढेंहि नव्हतें. सूनबाईला तेथें नोकरी करण्याची परवानगी नव्हती. तिनें घर चालविलें, म्हणून त्याची नोकरी चालली, म्हणून हप्ता भरला गेला. पण कायद्याच्या वहींत एकच नांव होतें. त्यांत अन्यायाचा हेतु होता असें मी म्हणत नाहीं. कोट्यवधि घरांचा हिशेब करणाराला प्रत्येक घराच्या आंत डोकावतां येत नाहीं. आंतला हिशेब घरानेंच करावयाचा असतो.

हें वाचतांना भोपाळची आठवण झाल्यावांचून राहिली नाहीं. १९८४ च्या डिसेंबरांतील त्या रात्रीनंतर सरकारनें १९८५ सालीं कायदा करून पीडितांच्या वतीनें भांडण्याचा अधिकार स्वतःकडे घेतला, आणि १९८९ च्या फेब्रुवारींत ४७ कोटि डॉलरांवर तडजोड झाली. तेथें वांटणीचें माप हप्ता नव्हतें, माणसाची इजा व मृत्यु हेंच होतें. इजा झालेल्यांपैकीं बहुतेकांना पंचवीस हजार रुपये मिळाले. पुढें शिल्लक रक्कम वाढत गेल्यामुळें २००४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तीहि पूर्वींच्याच प्रमाणांत वांटावयास सांगितली. ही रक्कम अपुरी होती असें म्हणून केंद्र सरकारनें अधिक पैशांसाठीं केलेला अर्ज मार्च २०२३ मध्यें फेटाळला गेला. ज्या पैशाचें नांवच इजेची भरपाई होतें, त्यानेंहि तेथील कोणा मातेचें समाधान झालें नसेल. मग जो पैसा केवळ जादा हप्त्याचा परतावा, त्याला मीं एका गेलेल्या बाळाचें नांव द्यावें, याहून अविचार तो कोणता?

आपल्याकडेहि एकाच तऱ्हेची तक्रार असलेल्या अनेक ग्राहकांच्या वतीनें एकदोघांना आयोगाच्या परवानगीनें दावा करतां येतो. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यांत ही सोय होती आणि २०१९ च्या कायद्यांत कलम ३५ मध्यें ती कायम आहे. परंतु आरोग्यविम्याच्या बाबतींत आपण बहुधा एकेकटेच कुरकुरतों आणि गप्प बसतों. मीहि त्यांतलाच. आमच्या मंडळींच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेचें बिल एका विमाकंपनीनें बरेंच कापलें, तेव्हां मीं चार दिवस चिडचिड केली आणि पत्र कपाटांत टाकलें. विमा लोकपालाकडे फी न भरतां, वकील न देतां तक्रार करतां येते, हें मला कोणीं सांगितलें तेव्हां कंपनीच्या नकारापासूनची एक वर्षाची मुदत उलटून गेली होती. कागद होता, हक्क होता. नव्हती ती निळी फाईल लावणारी बुद्धि. सुशिक्षित म्हणविणाऱ्या घरांतहि विम्याचा कागद कोणाच्या नांवावर आहे, त्यांत कोण कोण आहेत, परताव्याचा पैसा कोणाच्या खात्यांत येतो, हें एका पुरुषमाणसाखेरीज कोणाला ठाऊक नसतें. तें घरांतील प्रत्येक मोठ्या माणसाला, विशेषतः स्त्रियांना, ठाऊक असलें पाहिजे.

असो. पोळ्याला सर्व मंडळी पुन्हा जमलीं. बैलांची पूजा झाल्यावर मीं आईजवळ पाट घेतला आणि सर्वांसमक्ष सांगितलें, “आई, मीं त्या दिवशीं चूक सांगितलें. ते पैसे बाळाचे नव्हेत आणि दवाखान्याचेहि नव्हेत. कंपन्यांनीं विम्याचे हप्ते जास्त घेतले अशी तक्रार होती. त्यांतला थोडा भाग परत यावयाचा आहे. न वाचतां बोललों. सूनबाई, मला क्षमा कर.” सासऱ्यानें सुनेची क्षमा मागावी हें आमच्या घरांत पूर्वीं घडलें नव्हतें, परंतु मास्तरानें फळ्यावर चुकीचें लिहिलें तर तें वर्गासमोरच पुसावें लागतें. सूनबाई कांहीं बोलली नाहीं. तिनें माझ्या पायांना हात लावला. मग मातुःश्रींनीं तिला जवळ बोलाविलें आणि बाळाचा जावळाचा रंग कसा होता तें विचारलें. सात वर्षांत तिला हें कोणींच विचारलें नव्हतें. ती पुष्कळ वेळ त्यांच्याजवळ बसून बोलत होती.

रात्रीं चिरंजीव म्हणाला, “ती रक्कम येईल तेव्हां येईल. आली कीं पाडव्याला तुझ्या तबकांत ओवाळणी म्हणून घालीन.” मला हें ऐकून धन्य वाटलें, पण सूनबाईनें मान हालविली. ती म्हणाली, “ओवाळणी दुसरी घाला. हप्ता तुमच्या पगारांतून गेला, पण तो पगार आपल्या दोघांच्या घराचा होता. यांतला अर्धा माझा वांटा आहे. तो मला वांटा म्हणूनच द्या.”

मीं आयुष्यभर दायविभाग वाचला; पण देणगी आणि वांटा यांतला भेद इतका स्वच्छ करून मला कोणा टीकाकारानें सांगितला नव्हता. चिरंजीव ‘बरें’ म्हणाला. मातुःश्री जाग्या होत्या. त्यांनीं पलंगावरून विचारलें, “म्हणजे हा हप्त्याचा पैसा म्हणावयाचा?” मीं होय म्हणालों. “मग नांव बरोबर लागलें,” त्या म्हणाल्या, आणि कुशीवर वळल्या.